ग्रंथालय वाढवायचंय? आधी टेप, मग नकाशा

ग्रंथालयाच्या विस्ताराच्या पहिल्या बैठकीला आर्किटेक्टला बोलावू नका. त्यांच्यावर माझा राग नाही. पण कागदावर रेघ उमटली की माणसं त्या रेघेच्या प्रेमात पडतात. मग दर्शनी भागाला काच हवी की दगड, यावर दोन तास जातात आणि बालविभागात एका वेळी किती मुलं बसणार हे कुणी विचारतच नाही. मी देवघेवीच्या टेबलामागे उमेदवारी केली, पुढे ग्रंथपाल झाले, आणि आता वाढू पाहणाऱ्या ग्रंथालयांच्या इमारत समित्यांवर मला बोलावतात. तिथे माझं काम एकच: नकाशा लांबवणं आणि मोजणी आधी करून घेणं. ती कशी करायची, तिच्यातून चौरस फूट कसे निघतात आणि पुढे काय काय सांभाळायचं, ते क्रमाने सांगते.

"जागा कमी पडते" म्हणजे नेमकं काय कमी पडतं?

या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पुस्तकं मावत नाहीत, माणसं मावत नाहीत, कार्यक्रम मावत नाहीत, किंवा कर्मचाऱ्यांना काम करायला जागा नाही. चारही तक्रारी खऱ्या असू शकतात, पण प्रत्येकीचं औषध वेगळं आहे आणि चारांपैकी दोनांना नवी इमारत लागतेच असं नाही.

पुस्तकांपासून सुरू करा, कारण ती मोजताना हलत नाहीत. एक टेप, एक वही आणि दोन माणसं पुरतात. विषयवार जा. प्रत्येक वर्गासाठी दोनच आकडे लिहायचे: फळ्यांची एकूण लांबी आणि त्यातली भरलेली लांबी. रॅकची फळी साधारण ९० सेंटीमीटरची असते. मोठ्यांची सर्वसाधारण पुस्तकं असतील तर तिच्यावर ठासून तीसेक बसतात. मुलांची पातळ चित्रपुस्तकं त्याहून कितीतरी जास्त, जाडजूड संदर्भग्रंथ बरेच कमी. म्हणून "आमच्याकडे एवढी पुस्तकं आहेत" या दाखल नोंदवहीतल्या आकड्यावर जागा काढू नका. नोंदवहीत हरवलेली, फाटलेली आणि कुणाच्या तरी घरी कायमची मुक्कामाला गेलेली पुस्तकंही जिवंत असतात.

भरलेली लांबी तीन चतुर्थांशाच्या वर गेली की ती फळी भरली असं धरायचं. समितीतले लोक इथे हमखास विचारतात, "उरलेला पाव भाग वाया का घालवायचा?" त्यांना रॅकजवळ न्या आणि ठासलेल्या फळीवर मधेच एक पुस्तक परत लावायला सांगा. बोट शिरत नाही. वाचकही असं पुस्तक पाठीच्या वरच्या कडेला नख लावून ओढतो, आणि बांधणी सर्वात आधी तिथेच फाटते. परत आलेलं पुस्तक जागा नाही म्हणून रांगेवर आडवं टाकलं जातं. दुसरं त्याच्यावर जातं. महिनाभरात त्या फळीवर क्रम नावाची गोष्ट उरत नाही आणि "पुस्तक आहे पण सापडत नाही" ही तक्रार सुरू होते. रिकामा पाव भाग ही फळीची चालायची जागा आहे.

मोजणी झाली की बांधकामाआधी निर्लेखन, म्हणजे नको असलेली पुस्तकं संग्रहातून बाद करणं. अमेरिकी संशोधक रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ साली ग्रंथालयांच्या देवघेवीबद्दल ८०-२० चा ठोकताळा मांडला: साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांवर होते. तुमच्याकडे आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण शेवटच्या देवघेवीची तारीख लावून यादी काढा, म्हणजे चित्र दिसेल. कित्येक वर्षं न हललेली, मजकूर कालबाह्य झालेली, बुरशी लागलेली आणि नको तितक्या प्रतींतली पुस्तकं नव्या इमारतीत नेण्यात अर्थ नाही. त्या प्रत्येक पुस्तकाला तुम्ही नव्या दराने छप्पर देणार आहात. स्थानिक इतिहास, दुर्मीळ ग्रंथ आणि जुनी नियतकालिकं यांना मात्र हा नियम लावायचा नाही. ती वाचली जात नाहीत म्हणूनच तुमच्याकडे शिल्लक आहेत.

निर्लेखन उघडपणे करा. यादी सभासदांसमोर ठेवा, हरकतीला मुदत द्या, मग निर्णय घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचं नवं मुख्य ग्रंथालय १९९६ मध्ये उघडलं. मधोमध भव्य उंच मोकळा गाभारा होता, आणि लवकरच पुस्तकांना फळ्या अपुऱ्या पडल्याची आणि मोठ्या संख्येने पुस्तकं बाद केल्याची टीका जाहीरपणे सुरू झाली. इमारत कितीही देखणी असो, पुस्तकं टाकून दिल्याची बातमी तिच्या आधी लोकांपर्यंत पोचते.

माणसं मोजणं

रोजची हजेरी हा आकडा फारसा कामाचा नाही. दिवसभरात तीनशे माणसं आली म्हणजे तीनशे खुर्च्या लागतात असं नाही, आणि सरासरी काढली तर दुपारी अडीचची शांतता आणि संध्याकाळी सहाची गर्दी एकमेकांत विरघळून जाते. दर तासाला एक फेरी मारा आणि विभागवार किती जण बसलेत, किती उभे आहेत, किती जण आत डोकावून परत गेले ते लिहा. परत गेलेल्यांचा रकाना विसरू नका. विस्ताराची खरी गरज त्यातच असते. असा एक पूर्ण आठवडा परीक्षांच्या दिवसांत घ्या, एक सुट्ट्यांत आणि एक अगदी साध्या दिवसांत.

टेबलांबद्दल एक निरीक्षण सांगते. चार खुर्च्यांच्या टेबलावर दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसली की तिसरा शक्यतो तिथे बसत नाही, तो रिकामं टेबल शोधतो. त्यामुळे कागदावर ४० खुर्च्यांचा वाचनकक्ष पंचवीस माणसांतच "भरलेला" वाटू लागतो. मोठी टेबलं मांडून जागा वाचवल्याचा हिशेब इथे फसतो. एकट्याने बसायच्या जागा, भिंतीकडे तोंड केलेल्या जागा आणि चार जणांनी मिळून अभ्यास करायच्या जागा यांची फेरीत वेगवेगळी नोंद ठेवा.

जे येत नाहीत त्यांना कोण मोजणार? ग्रंथालयात ठेवलेली अभिप्रायवही फक्त आलेल्यांचं म्हणणं सांगते, आणि आलेले बहुधा म्हणतात, "अजून पुस्तकं घ्या, वेळ वाढवा." शाळेच्या फाटकाशी, बस थांब्यावर, दवाखान्यात, नव्या वसाहतीच्या सोसायटीत जाऊन विचारा. प्रश्न तीनच ठेवा: ग्रंथालय कुठे आहे माहीत आहे का, शेवटचं कधी गेलात, आणि काय असतं तर आला असतात. उत्तरं अनेकदा पुस्तकांबद्दल नसतातच. जिना चढवत नाही. स्वच्छतागृह नाही. लहान मूल घेऊन गेलं की सगळे वळून बघतात. कामावरून सुटेपर्यंत कुलूप लागलेलं असतं. यातल्या शेवटच्या उत्तराला एक वीटही लागत नाही, जादा पाळी लागते. ती आधी सुरू करून बघा. जुन्या इमारतीत दोन तास वाढवल्यावर गर्दी पांगली, तर नव्या इमारतीचा आकार तुम्हाला नव्याने ठरवता येईल.

वीस वर्षांनंतरची लोकसंख्या

आजच्या लोकसंख्येसाठी बांधलेली इमारत उद्घाटनाच्या दिवशीच लहान असते, कारण ठरावापासून फीत कापेपर्यंत वर्षं जातात. नियोजनात साधारण वीस वर्षं पुढची लोकसंख्या धरण्याचा प्रघात आहे. अंदाजासाठी जनगणनेवरच थांबू नका. बांधकाम परवानग्या, शाळांचा पट, नळजोडण्यांचे अर्ज, यांतून कुठल्या बाजूला आणि कुठल्या वयाची वस्ती वाढतेय ते जास्त लवकर कळतं. तरुण कुटुंबांची वसाहत उभी राहत असेल तर पहिली दहा वर्षं बालविभागावर ताण येईल आणि पुढची दहा अभ्यासिकेवर. तीच मुलं मोठी होणार आहेत. म्हणून या दोन्ही विभागांमधली भिंत हलती ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

आता गुणाकार

या टप्प्यावर चौरस फूट काढायचे. अमेरिकेतले ग्रंथालय-सल्लागार अँडर्स डालग्रेन यांनी सार्वजनिक ग्रंथालयांसाठी जी पद्धत रूढ केली ती मला सर्वात व्यवहारी वाटते: जागेचे प्रकार पाडायचे, प्रत्येकाचं गणित वेगळं करायचं आणि शेवटी बेरीज.

एक काल्पनिक गाव घेऊ. वीस वर्षांनंतरची लोकसंख्या ६०,०००. ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्ला आणि युनेस्को यांनी २००१ साली दिलेल्या मार्गदर्शनात माणशी दीड ते अडीच पुस्तकं असा सर्वसाधारण अंदाज होता. दीड धरला तर ९०,००० पुस्तकं. दहा टक्के कायम वाचकांच्या घरी असतील असं धरू. म्हणजे फळीवर ८१,०००. चौरस फुटाला दहा पुस्तकं या हिशेबाने ८,१०० चौरस फूट. दहा हा आकडा सढळ आहे. पंधरा धरता येतात, पण मग मांडण्या उंच होतात, वाटा अरुंद होतात आणि सर्वात वरच्या फळीपर्यंत कुणाचा हात पोचत नाही.

फेऱ्यांच्या नोंदींवरून बसायच्या २०० जागा निघाल्या असं समजू. अशा एका जागेला टेबल, खुर्ची आणि मागून जाण्याची वाट धरून ३० चौरस फूट, म्हणजे ६,०००. कर्मचाऱ्यांच्या दहा कामाच्या जागा, प्रत्येकी १४० धरून १,४००. शंभर खुर्च्यांचं सभागृह, खुर्चीला १० प्रमाणे १,०००, वर व्यासपीठ आणि खुर्च्या ठेवायची खोली यांना २००. गोष्टीच्या तासाला तीस मुलं, ३०० चौरस फूट. एकूण १७,०००. सूचनाफलक, झेरॉक्स, नव्या पुस्तकांची मांडणी, वर्तमानपत्रांचे स्टँड अशा किरकोळ गोष्टींना आणखी दहा टक्के: १८,७००.

यानंतरच्या पायरीवर भलेभले चुकतात. भिंती, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, येण्याजाण्याच्या वाटा, विजेची खोली हे सगळं एकूण क्षेत्रफळाच्या २५ ते ३० टक्के खातं. ३० टक्के धरायचे म्हणून लोक १८,७०० मध्ये त्याचे ३० टक्के मिळवतात आणि २४,३१० वर थांबतात. पण ते ३० टक्के एकूण इमारतीचे आहेत, म्हणजे वापराची जागा हा ७० टक्के भाग झाला. १८,७०० ला ०.७ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे २६,७१४. फरक २,४०० चौरस फुटांचा. वरच्या हिशेबातलं सभागृह, गोष्टीची खोली आणि कर्मचाऱ्यांच्या सहा जागा एवढ्यात बसतात. कागदावर हा घोळ दिसत नाही. तो दिसतो काम अर्ध्यावर आल्यावर, आणि तेव्हा सर्वात आधी बालविभागाची जागा कापली जाते.

हे आकडे तुमचे नाहीत, पद्धत मात्र जशीच्या तशी उचला. आणि प्रत्येक ओळीसमोर "हा आकडा कुठून आला" असा एक रकाना ठेवा. निधी देणारे सर्वात आधी तिथेच बोट ठेवतात.

बाजूला, वर की दुसरीकडे

इमारत वाढवायचे तीन रस्ते. बाजूला वाढवणं वाचकांना आणि कर्मचाऱ्यांना सर्वात सोयीचं. वर मजला चढवणं जमिनीच्या दृष्टीने स्वस्त, पण पाया तो भार पेलतो का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय पुढचं बोलू नये. शिवाय प्रत्येक मजल्याला नजर ठेवणारं माणूस लागतं. चालू असलेल्या प्रत्येक तासाला, प्रत्येक पाळीला. मजल्याचा बांधकाम खर्च एकदाच होतो, त्या माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तिसरा रस्ता शाखा काढण्याचा. वस्ती एका बाजूला पसरत असेल, मधे मोठा रस्ता किंवा लोहमार्ग आला असेल आणि लहान मुलं, म्हातारी माणसं तो ओलांडत नसतील, तर मुख्य इमारत दुप्पट करून काही साधत नाही. छोट्या शाखेतही निदान २,५०० पुस्तकं असावीत, असं इफ्लाच्या त्याच मार्गदर्शनात म्हटलं होतं. त्याहून कमी असतील तर वाचक तिसऱ्या खेपेला रिकाम्या हाताने जातो आणि चौथ्यांदा येत नाही.

आता आर्किटेक्टला बोलवा

त्यांच्या हाती नकाशाची अपेक्षा देऊ नका, लेखी गरजपत्रक द्या: विभाग, क्षेत्रफळ, कोण कोणाच्या शेजारी हवं, कोण कोणापासून लांब. शेजारपणाचा हा भाग चौरस फुटांइतकाच महत्त्वाचा आहे. बालविभाग दाराजवळ आणि त्याला लागून स्वच्छतागृह. वर्तमानपत्रं आणि देवघेव पुढे. अभ्यासिका सर्वात आत. गोंगाट दारापासून आत जाताना पायरीपायरीने कमी व्हावा. पुस्तकांच्या मांडणीने आवाज अडतो ही समजूत खोटी. वरून आणि फळ्यांमधून तो सहज पलीकडे जातो. जिथे शांतता हवी तिथे छतापर्यंत भिंत किंवा काच घ्या.

सभागृहाला बाहेरून स्वतंत्र दार द्या, आणि त्या दाराने आलेल्यांना ग्रंथालयात न शिरता स्वच्छतागृहापर्यंत जाता यायला हवं. एवढं एक साधलं की ग्रंथालय बंद झाल्यावरही सभागृह वापरता येतं. नाही साधलं तर प्रत्येक संध्याकाळच्या कार्यक्रमाला अख्खी इमारत उघडी ठेवून तिच्यावर पहारा करावा लागतो.

बाकी ग्रंथालयाला वाचकांसाठी दार एकच. दुसऱ्या दाराचा आग्रह धरणारे सगळीकडे भेटतात, गाडी लावायच्या जागेजवळ हवं म्हणून. त्या दाराशी बसणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, एवढंच विचारायचं.

परत आलेल्या पुस्तकाचा प्रवास नकाशावर बोटाने करून बघा. परत पेटीतून देवघेवीच्या टेबलाकडे, तिथून वर्गवारीच्या जागेकडे, ट्रॉलीवर, लिफ्टमधून, फळीपर्यंत. वाटेत दारं किती, उंबरे किती, वळणं किती? भरलेल्या ट्रॉलीला दोन सेंटीमीटरचा उंबरा पुरतो. चाक अडकतं, वरची रांग पुढे कलते आणि ती सावरायला दुसरं माणूस धावतं. रोज डझनभर वेळा. वाचकाचा वेळ वाचवा हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पंचसूत्रांतलं चौथं सूत्र. कर्मचारी उंबऱ्याशी झगडत असतो तेव्हा पुस्तकाची वाट बघणारा वाचक खोळंबलेला असतो, म्हणून मी ते याही कामाला लावते. चाकाची खुर्ची याच वाटेने जाणार आहे. तिला पूर्ण वळायला १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, आणि मांडण्यांमधली वाट ९० सेंटीमीटरहून कमी झाली तर ती आत नीट जाऊ शकत नाही. मी तर एक मीटरच्या खाली उतरत नाही. खाली वाकलेल्या वाचकाच्या मागून दुसऱ्याला जाता आलं पाहिजे.

ब्रिटिश वास्तुविशारद हॅरी फॉकनर-ब्राउन यांनी ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दहा गुण सांगितले होते. पहिला लवचीकपणा. तो हवा असेल तर इंजिनिअरला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा: पुस्तकांचा भार फक्त मांडण्यांच्या जागी धरू नका, सगळ्या मजल्यावर धरा. अमेरिकी मानकांत वाचनकक्षाचा भार चौरस फुटाला ६० पौंड आणि पुस्तकांच्या मांडण्यांच्या जागेचा १५० पौंड धरतात. म्हणजे चौरस मीटरला अंदाजे २९० आणि ७३० किलो. अडीच पटींचा फरक आहे. वाचनकक्ष हलक्या भारावर बांधला तर पुढे तिथे मांडण्या नेता येत नाहीत, आणि विभागांची अदलाबदल कायमची बंद होते. रुळांवर सरकणारी कपाटं घ्यायची असतील तर भार याहूनही वाढतो, तेही आधीच सांगा. (आर्किटेक्ट पुस्तकांचं वजन धरायला विसरला आणि ग्रंथालय दरवर्षी थोडं थोडं खचतंय, ही गोष्ट अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मोठ्या चवीने सांगतात. ती दंतकथा आहे. पण समितीला जागं ठेवायला मी ती सांगते.)

खांबांमधलं अंतर मांडण्यांच्या पटीत ठेवा. एका मांडणीच्या मध्यापासून पुढच्या मांडणीच्या मध्यापर्यंत १.८ मीटर धरलं, तर ७.२ मीटरवर खांब आला की चार रांगा नेमक्या बसतात. खांब वाटेच्या मधोमध आला की त्या वाटेचं पुढे काहीच होत नाही.

दिवे मांडण्यांना काटकोनात लावा. समांतर लावले की दिसायला छान, पण पुढे रांगा सरकवल्या की उजेड नेमका मांडणीच्या डोक्यावर पडतो आणि वाटेत अंधार. युरोपीय मानकात वाचायच्या जागी ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि पुस्तकांच्या मांडण्यांवर २०० लक्स उजेड सांगितला आहे. दुसरा आकडा सर्वात खालच्या फळीवर उभ्या पृष्ठभागावर मोजा, टेबलावर नाही. थेट ऊन पुस्तकांच्या पाठीवर येऊ देऊ नका. आणि मांडण्यांच्या वर स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी आलेली मी सहन करत नाही. पाइप एक दिवस गळतोच, आणि बहुधा सुट्टीच्या दिवशी.

संग्रह वाढल्यावर वर्गीकरणाचा क्रम मजल्यांवर तुटतो, हा जुना त्रास. सिअॅटलच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने २००४ मध्ये त्यावर वेगळाच तोडगा काढला: चार मजल्यांवर पुस्तकांचा एकच सलग उतार, क्रमांक कुठेही न तोडता. उघडलं तेव्हा तिथे सुमारे ७,८०,००० पुस्तकं होती आणि नवी कपाटं न घेता १४ लाखांपर्यंत वाढायला वाव ठेवला होता. एवढा उतार आपल्याला परवडणार नाही, पण कपाटं जवळजवळ अर्धी रिकामी ठेवून सुरुवात करण्याचं धाडस उचलण्याजोगं आहे.

चालवायचा खर्च

अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयं उभी राहिली. त्यांची एक अट होती: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवायला खर्च करायची. काही गावांनी या अटीपायी देणगी नाकारली. माझ्या मते त्यांनी निदान हिशेब तरी केला होता. आज दहा टक्के पुरतीलच असं नाही, पण प्रश्न तोच आहे. बांधकामाच्या ठरावासोबत वार्षिक खर्चाचा ठराव जोडा: वाढीव पगार, वीज, सफाई, दुरुस्ती, पुस्तकखरेदी. सर्वात मोठा घास पगारांचा. पुस्तकखरेदीला हात लावावा लागला की समजा, इमारत मोठी झाली आणि ग्रंथालय लहान झालं.

बांधकामाच्या अंदाजपत्रकात हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: मांडण्या आणि फर्निचर, स्थलांतर, बांधकाम चालू असतानाची पर्यायी जागा, दिशादर्शक पाट्या, संगणकाची जोडणी, आणि नव्या फळ्यांवर ठेवायला नवी पुस्तकं. वर अनपेक्षितासाठी निदान दहा टक्के वेगळे. जुन्या इमारतीला जोड देत असाल तर जास्त. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं.

"आता सगळं मोबाइलवर मिळतं, ग्रंथालय कशाला?" असं म्हणणारा एक सदस्य प्रत्येक सभेत असतो. त्याच्याशी वाद घालू नका. फेऱ्यांची वही पुढे करा आणि परत गेलेल्यांचा रकाना वाचून दाखवा. नंतर हेलसिंकीच्या ऊदीबद्दल सांगा. डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या त्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकं सुमारे लाखभरच आहेत, आणि त्याच छपराखाली शिलाई यंत्रं, त्रिमितीय प्रिंटर, ध्वनिमुद्रणाच्या खोल्याही आहेत. तसंच आपण करावं असं मी म्हणत नाही. शिलाई यंत्रांची मागणी तुमच्या वहीत नसेल तर घेऊ नका. पण मोबाइल हातात आल्यावरही एका शहराने ग्रंथालयासाठी एवढी मोठी इमारत बांधली, ही गोष्ट त्या सदस्याला विचार करायला लावते.

बांधकाम चालू असताना

शक्यतो बंद करू नका. वर्षभर कुलूप राहिलं तर वाचकाची सवय मोडते, आणि मोडलेली सवय परत लावायला इमारतीपेक्षा जास्त कष्ट पडतात. एखाद्या शाळेचा वर्ग, समाजमंदिर, रिकामं दुकान, काहीही चालेल; तिथे देवघेव, वर्तमानपत्रं आणि मुलांची पुस्तकं एवढं चालू ठेवा.

पुस्तकं हलवताना खोक्यांपेक्षा ट्रॉल्या बऱ्या, क्रम मोडत नाही. खोकी घ्यावीच लागली तर छोटी घ्या; मोठं खोकं भरल्यावर उचलता येत नाही. हलवण्याआधी प्रत्येक नव्या फळीला क्रमांक द्या आणि जुन्या फळीवर तोच क्रमांक लिहिलेली रंगीत चिठ्ठी लावा, विषयाला एक रंग. सुरुवातीला मोजलेल्या लांब्या इथे पुन्हा उपयोगी पडतात: ज्या विषयाची वाढ जास्त, त्याच्या फळ्या निम्म्याच भरा, ज्याची थांबली आहे त्याच्या तीन चतुर्थांश. सर्वात वरची आणि सर्वात खालची फळी रिकामी सोडता आली तर सोडा. हमाल आणि स्वयंसेवक कामाला लागले की जागच्या जागी निर्णय घेणारं माणूस एकच असावं. तिथे समिती नको.

फर्निचरच्या रकमेतला काही भाग उद्घाटनापर्यंत खर्च करू नका, बाजूला ठेवा. पहिल्या काही महिन्यांत वाचक खुर्च्या स्वतःच सरकवतात: कुणी खिडकीकडे, कुणी प्लगजवळ, कुणी खांबाच्या आडोशाला. तेव्हा तासाच्या फेऱ्या पुन्हा सुरू करा, त्याच वहीत, त्याच रकान्यांत, आणि ते जिथे बसू लागलेत तिथे उरलेली टेबलं, दिवे आणि प्लग घ्या. ठेकेदाराच्या दोषदुरुस्तीची मुदत संपायच्या आत एक पावसाळा जाऊ द्या आणि भर पावसात मांडण्यांच्या वरचं छत हात लावून तपासा. शेवटचं बिल त्यानंतर.